सुयांनी शिंका थांबतील का? गोळ्या बंद करण्याआधी हे वाचा

जिंतूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. वय ३६, शाळा सांभाळून घरची शेतीही बघतात. पोळा झाला की शिंका सुरू होतात आणि दिवाळी उरकेपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना आणि टाळूला खाज. सेटिरिझीन ही अ‍ॅलर्जीची गोळी घेतली की वर्गात डुलक्या येतात. मेडिकलमधून आणलेले नाकाचे थेंब महिनाभर चालू आहेत; टाकले की नाक मोकळं, तीन-चार तासांत पुन्हा गच्च. आता परभणीत एकांनी सांगितलंय की अ‍ॅक्युपंक्चरच्या १२ सिटिंगचं पॅकेज घ्या, अ‍ॅलर्जी मुळासकट जाईल, फक्त गोळ्या-औषधं सगळी बंद करावी लागतील. हे खरं का? नऊ वर्षांच्या मुलीलाही तोच त्रास आहे, तर तिलाही सुया लावायच्या का? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य : कधी कधी रात्री छातीत शिट्टी वाजल्यासारखं होतं.

सर, मी लातूरला असते. एम.बी.बी.एस. झाल्यावर अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि गेली बरीच वर्षं दोन्ही करते. सुया लावणं माझ्या रोजच्या कामातलं आहे. तरीही उत्तराची सुरुवात मी तुमच्या त्या शेवटच्या वाक्यापासून करणार आहे, कारण तुमच्या पूर्ण मजकुरात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

छातीत शिट्टी वाजणं म्हणजे श्वासनलिका आवळल्या जात असण्याची शक्यता. नाकाची अ‍ॅलर्जी आणि दमा ही बऱ्याचदा एकाच घरातली भावंडं असतात. नाकातलं अस्तर आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळ्यांचं अस्तर एकाच वाटेवरचं आहे. रात्री किंवा पहाटे खोकल्याची ढास, जिना चढताना दम लागणं, हसल्यावर खोकला येणं, यातलं काही असेल तर सुयांचा विचार बाजूला ठेवा आणि आधी फिजिशियनला किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. यंत्रात जोरात फुंकून करायची स्पायरोमेट्री ही तपासणी ते सांगतील. त्रास चालू असलेल्या दिवसांतच जा. दिवाळीनंतर गेलात तर छाती साफ दिसेल आणि तुम्ही निर्धास्त परत याल. दमा निघाला आणि इन्हेलर सुरू झाला, तर तो कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. माझ्यासारख्या अ‍ॅक्युपंक्चरवालीच्या सांगण्यावरूनसुद्धा नाही. सुया इन्हेलरची जागा घेऊ शकत नाहीत. ‘सगळी औषधं बंद करा’ ही अट मला म्हणूनच फार खटकली. अ‍ॅक्युपंक्चर चालू असताना औषध बंद ठेवायचं वैद्यकीय कारणच नाही; दोन्ही बरोबर चालतात, माझ्याकडे रोज चालतात.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंय सुयांबद्दल, पण तुमची अडचण मला वेगळी दिसते. औषधं घेऊनही बरं वाटत नाही आणि त्यांचा जाच होतोय, म्हणून तुम्ही दुसरी वाट शोधताय. बरं का वाटत नाही, याचं निम्मं उत्तर त्या थेंबांत आहे.

मेडिकलवर सहज मिळणारे, टाकताच नाक उघडणारे थेंब बहुधा झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे असतात. बाटलीवर नाव वाचा. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून झटपट मोकळं वाटतं. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की उलटा परिणाम सुरू होतो : थेंबांचा असर उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. तुमचं तीन-चार तासांचं वेळापत्रक त्याचंच आहे. म्हणजे सध्या तुम्हाला दोन आजार आहेत, एक हंगामाचा आणि एक बाटलीचा. हे थेंब सोडवताना मी सहसा आधी दुसरा स्प्रे सुरू करते, मग एका नाकपुडीतले थेंब बंद, काही दिवसांनी दुसऱ्या नाकपुडीतले. पहिले काही दिवस वाईट जातात. रात्री उशी उंच घ्यावी लागते, चिडचिड होते. पण निभावतं.

तो दुसरा स्प्रे म्हणजे स्टेरॉइडचा, फ्ल्युटिकासोन किंवा मोमेटासोन. स्टेरॉइड ऐकलं की आपल्याकडे माणूस दचकतो. पण नाकात फवारलेलं हे औषध अगदी कमी मात्रेत असतं आणि रक्तात फारच थोडं उतरतं. आजघडीला नाकाच्या अ‍ॅलर्जीवर सगळ्यात परिणामकारक औषध हेच आहे. त्याची दोन वैशिष्ट्यं लोकांना कुणी समजावत नाही. एक, ते लगेच काम करत नाही. पूर्ण परिणामाला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात, त्यामुळे ‘दोन दिवस मारला, फरक नाही’ म्हणून बाटली कपाटात जाते. दुसरं, मारायची पद्धत. पेशंटला मी समोर बसवून स्प्रे मारायला सांगते, तर बहुतेक जण मान मागे टाकतात, नळी सरळ आत खुपसतात आणि जोरात ओढतात. औषध घशात जातं, कडू लागतं, नाकाच्या मधल्या पडद्यावर आपटून रक्ताचे ठिपके येतात. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे राहतं. श्वास हलकाच घ्या, फुलाचा वास घेतल्यासारखा. त्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलं असेल तर उत्तमच. जलनेतीला माझा पाठिंबा आहे, मात्र पाणी उकळून कोमट केलेलं हवं. हौदातलं, बोअरचं, टँकरचं पाणी तसंच नाकात घालायचं नाही.

सेटिरिझीनच्या झोपेचं हसण्यावारी नेऊ नका. वर्गात डुलकी लागली तर मुलं हसतील, पण याच दिवसांत तुम्ही मळणीयंत्राजवळ उभे असता, संध्याकाळी मोटारसायकलवर घरी जाता. फेक्सोफेनाडीनसारख्या गोळीने झोप बरीच कमी येते. ती पाण्याबरोबर घ्यायची, मोसंबी-संत्र्याच्या रसाबरोबर नाही, कारण रसाने ती नीट शोषली जात नाही. कोणती घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणखी एक : काही ठिकाणी हंगामाच्या सुरुवातीला ‘एक इंजेक्शन घ्या, वर्षभर निवांत’ असं सांगतात. ते स्टेरॉइडचं लांब टिकणारं इंजेक्शन असतं. साखर, रक्तदाब, हाडं, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. ते घेऊ नका.

एवढं नीट झालं की पुष्कळांचा त्रास आटोक्यात येतो आणि सुयांची गरजच उरत नाही. ज्यांचा उरतो, त्यांच्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर हा विचार करण्याजोगा उपाय आहे. इथून पुढे त्याबद्दल.

सिटिंग कशी असते ते सांगते, म्हणजे भीती आणि जादू दोन्ही कमी होतील. सुई केसासारखी बारीक असते, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, चेहऱ्यासाठी त्याहूनही बारीक आणि आखूड. नाकाच्या त्रासाला मी बहुतेक वेळा नाकपुडीच्या लगतचे दोन बिंदू, दोन भुवयांच्या मधला एक, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला, कोपराच्या घडीच्या टोकाचा, आणि गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूचा घेते. नाकपुडीशेजारची सुई सगळ्यात झोंबते. ती बसताच डोळ्यांत पाणी येतं, काहींना तिथल्या तिथे शिंक येते, म्हणून मी हात बाजूला ठेवूनच थांबते. बेचक्यातल्या सुईला दुखण्यापेक्षा जडपणा, मुंग्या, आत काहीतरी ओढल्यासारखं जाणवतं. वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. बऱ्याच जणांचं नाक त्या वेळातच थोडं उघडतं आणि पेशंट खूश होऊन उठतो. त्या खुशीवरून मी निष्कर्ष काढत नाही. खरी परीक्षा असते ती पुढच्या आठवड्यात गोळ्या किती लागल्या आणि सकाळच्या शिंका किती कमी झाल्या याची.

यामागे नेमकं काय घडतं? चिनी परंपरा ‘ची’ म्हणजे शरीरात वाहणारी ऊर्जा आणि तिच्या वाहिन्यांच्या भाषेत सांगते. आजच्या शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर चेहऱ्यावरच्या मज्जातंतूंमार्फत नाकातल्या रक्तवाहिन्यांवर आणि ग्रंथींवर परिणाम होत असावा, अशी एक मांडणी आहे. पण ती अजून पक्की झालेली नाही, आणि पेशंटला मी ती पक्की म्हणून सांगत नाही. अ‍ॅलर्जीचं मूळ शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेत असतं. गाजरगवताचा पराग आत आला की ती त्याला शत्रू समजून हिस्टामीन हे शिंका-खाज आणणारं रसायन सोडते. ही सवय सुयांनी कायमची पुसली जाते, याला पुरावा नाही. म्हणून ‘मुळासकट जाईल’ हा दावा मला मान्य नाही.

मग पुरावा कशाचा आहे? जर्मनीत झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास मला यात सर्वांत उपयोगी वाटतो. बर्च झाडाच्या आणि गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेले ४२२ रुग्ण, तीन गट. एका गटाला खऱ्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच ठिकाणी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला सुया नाहीत. गरज पडली तर सेटिरिझीन घेण्याची मुभा तिन्ही गटांना होती. आठ आठवड्यांत १२ सिटिंग झाल्या. खऱ्या सुयांच्या गटाचा त्रास इतर दोघांपेक्षा कमी राहिला आणि गोळ्याही कमी लागल्या. पण फरक माफक होता, आणि उपचार संपून आणखी आठ आठवडे गेल्यावर पहिल्या वर्षात तो फरक दिसेनासा झाला. हा फरक रुग्णाच्या रोजच्या जगण्यात कितपत मोलाचा, हे स्पष्ट नाही असं संशोधकांनी स्वतःच नमूद केलं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचा सूरही तसाच आहे : स्टेरॉइड स्प्रेची ठाम शिफारस, आणि औषधाशिवायचा मार्ग हवा असलेल्या रुग्णाला अ‍ॅक्युपंक्चर सुचवायला हरकत नाही, एवढंच.

माझ्या दवाखान्यातला अनुभव याच्याशी जुळतो. हंगामात त्रास कमी होतो, गोळ्या कमी होतात, झोप सुधारते, पण पुढच्या पोळ्याला माणूस परत येतो. तिकडे बर्च, इकडे गाजरगवत, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आणि माझ्या पेशंटमध्ये सुयांचा किती, शांत पडून राहिल्याचा किती, डॉक्टरने वेळ देऊन ऐकल्याचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. तरीही ज्यांना गोळ्यांनी झोप येते, ज्यांना स्प्रेने नाकातून रक्त येतं, अशांसाठी एवढी मदतही मोठी असते. मी ती आनंदाने करते.

ती कुणाला लागू पडेल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं, आणि त्यात तुमचा हंगाम कोणता हे पहिलं. आपल्या भागात पोळा ते दिवाळी म्हणजे हवेत नुसती गर्दी. बांधावर, गावठाणात, शाळेच्या मैदानाच्या कडेला गाजरगवत फुलून पांढरं झालेलं असतं. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण, आता मराठवाड्यात असा एक बांध दाखवा जिथे ते नाही. त्याच सुमारास बांधावरची गवतं आणि बाजरी फुलोऱ्यात असतात. पावसात भिजलेल्या पालापाचोळ्यावर बुरशी धरते. मग दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू होते, आणि तो भुस्सा फक्त अ‍ॅलर्जीच नाही, साधी जळजळही करतो. आमच्या आडत बाजारातल्या हमालांना मी बघते : पोती रिकामी करताना उठणाऱ्या त्या पिवळट धुरळ्यात दिवसभर उभं राहायचं आणि संध्याकाळी माझ्याकडे सुया लावायला यायचं. तोंडाला नीट मास्क न बांधता हे केलं तर मी लावलेल्या सुया दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही पुरत नाहीत. गमछा पुरेसा नाही, बारीक कण त्यातून जातात. एन-९५ मास्क लागतो. मळणीच्या दिवसांत तरी तो वापरा, आणि घरात शिरण्याआधी कपडे बदलून डोकं धुवा.

तुमच्या शिंका उठल्या उठल्या, अंथरुणातच येतात, याचीही नोंद घ्या. हे धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचंही लक्षण असू शकतं. पावसाळ्याच्या दमटपणात ते गाद्यांत, गोधड्यांत वाढतात, आणि दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची सगळी धूळ एकदम खाली येते. गोधड्या कडकडीत गरम पाण्यात धुऊन भर दुपारच्या उन्हात वाळवा. दोन आठवडे एक वही ठेवा : कुठे होतो, काय करत होतो, शिंका कधी आल्या. शाळेत बऱ्या आणि रानात वाईट, का रविवारी घरातच वाईट? ही वही माझ्यासारखीला कुठल्याही रिपोर्टइतकी कामाला येते.

तुम्ही समोर बसला असतात तर मी सांगितलं असतं ते असं. यंदा छातीची तपासणी, थेंब बंद, स्प्रे योग्य पद्धतीने आणि रोज, झोप न आणणारी गोळी, मळणीला मास्क. महिनाभरात लक्षणीय फरक पडला तर पुढच्या वर्षी पोळ्याच्या दोन आठवडे आधीच स्प्रे सुरू करायचा आणि सुयांवर पैसे घालवायचे नाहीत. एवढं करूनही त्रास उरला, तर पुढच्या हंगामाआधी तीन-चार आठवडे अ‍ॅक्युपंक्चर सुरू करा, आठवड्यातून दोनदा. ऐन त्रासाच्या मध्यावर सुरू केलं तर तेवढा उपयोग होताना मी बघत नाही. पाच-सहा सिटिंगनंतर वहीत फरक दिसला नाही तर थांबा. म्हणूनच १२ सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नका. प्रत्येक वेळेचे त्या त्या वेळी द्या. जिंतूर ते परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, शाळेची अर्धी रजा, एस.टी.च्या खिडकीतून येणारी रस्त्याची धूळ, हे सगळं हिशेबात धरा. जवळ चांगली सोय असती तर माझा सल्ला थोडा सैल असता.

कुणाकडे जायचं? महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे उपचार करणाऱ्याला नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच नको. सुई तुमच्या डोळ्यांसमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरल्यावर छिद्र न पडणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. उकळून पुन्हा वापरलेली सुई नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, घरातली कुणी गरोदर बाई उपचार घेणार असेल, तर आधी सांगा. बेचक्यातला तो बिंदू गरोदरपणात टाळायची पद्धत आहे. बारीकसा रक्ताचा थेंब, निळा डाग, पहिल्या वेळी घेरी, एवढं होऊ शकतं, म्हणून उपाशीपोटी जाऊ नका. छातीवर किंवा खांद्याजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होण्याचा धोका असतो. तो दुर्मिळ आहे, पण सिटिंगनंतर अचानक दम लागला तर घरी जाऊन पडू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

ही चिनी विद्या आपल्याकडे कशी आली ते यानिमित्ताने सांगते, कारण त्यातून औषधं बंद करण्याच्या अटीबद्दलही काही कळतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात डॉ. बिजयकुमार बसू होते. पुढे त्यांनी चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून कलकत्त्यात सुरू केलं. ते स्वतः आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर होते. म्हणजे आपल्याकडे ही विद्या डॉक्टरांच्याच हातून आली, औषधांच्या विरोधात उभी राहून नाही.

लेकराचं. नऊ वर्षांच्या मुलीला सुया लावायची घाई मी करणार नाही. या वयात सुयांच्या धास्तीनेच लेकरू आखडतं, आणि मग ते कुठल्याच डॉक्टरकडे यायला तयार होत नाही. तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि तीन गोष्टी आवर्जून सांगा : वडिलांना अ‍ॅलर्जी आहे आणि छातीत शिट्टी वाजते, ती रात्री तोंड उघडं ठेवून झोपते का आणि घोरते का, आणि खेळताना तिला खोकला येतो का. मुलांसाठी कमी मात्रेचे नाकाचे स्प्रे आहेत, ते डॉक्टरच ठरवतील. तुमचे थेंब तिला मात्र देऊ नका. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर ती अ‍ॅलर्जी नाही, आत काही अडकलेलं असू शकतं. आणि मोठ्यांतही फक्त एकच बाजू सतत बंद राहणं, नाकातून वारंवार रक्त येणं, वास अजिबात न येणं, ताप आणि गालफडात ठणका, यातलं काहीही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनाच दाखवायचं.

एवढं सगळं करूनही दोन-तीन हंगाम असेच गेले, तर त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी आणि इम्युनोथेरपी हा पर्याय आहे. ज्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे तोच अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत तीन ते पाच वर्षं द्यायचा, इंजेक्शनने किंवा जिभेखाली. शरीराची सवय बदलण्याच्या सगळ्यात जवळ जाणारा उपचार हाच, पण चिकाटी लागते आणि दमा आटोक्यात असावा लागतो. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवलंत तर पुढचं मार्गदर्शन मिळेल. चाचणीआधी साधारण आठवडाभर सेटिरिझीनसारख्या गोळ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी निघते. किती दिवस ते तिथे विचारून घ्या. इन्हेलर सुरू झालेला असेल तर तो मात्र त्या दिवसांतही चालूच ठेवा.